अपठित उतारा व नवे मध्यस्थ

परीक्षेहून परतलेल्या खेड्यातील मुलास पेपर कसा गेला म्हणून विचारावे, तर पुष्कळदा एकच गाऱ्हाणे कानी येते : "सगळं आलं, पण तो उतारा शिकवलेला नव्हता." मुलगा हे सरळ मनाने सांगतो, बाप सरळ मनाने ऐकतो, आणि मास्तरांकडून काही तरी राहून गेले असे समजून दोघेही गप्प बसतात. वाचकहो, तो उतारा कोणालाच शिकवलेला नसतो. शिकवलेला नसावा म्हणूनच तो परीक्षेत घातलेला असतो. ज्या एका प्रश्नापुढे पाठांतराचा ढीग कोणाच्याच कामी येत नाही, त्याच प्रश्नाला आमची मुले सर्वांत जास्त भितात, ही गोष्ट आम्हांस साधी वाटत नाही. सबब तिचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम हा प्रश्न म्हणजे काय ते सांगू. विद्यार्थ्याने पूर्वी कधी न पाहिलेला गद्याचा वा पद्याचा तुकडा त्याच्यापुढे ठेवायचा. आणि यात काय म्हटले आहे, ते कसे म्हटले आहे, व तसे म्हटल्यामुळे वाचणाऱ्याच्या मनावर काय घडते, हे त्याने स्वतःच्या बुद्धीने लिहावयाचे. यास विवेचन म्हणा, रसग्रहण म्हणा. आपल्या दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत, 2018-19 पासून जी रचना आली तीत, 80 गुणांपैकी अपठित गद्याच्या वाट्यास अवघे 4 गुण आले. तेही बहुतांशी उताऱ्यातून शोधून काढावयाच्या उत्तरांचे. रसग्रहण म्हणून जे निराळे विचारतात, ते पाठ्यपुस्तकातल्याच कवितेच्या ओळींचे. म्हणजे वर्षभर ज्यांचा अर्थ सांगून झाला त्या ओळींचे.

आता दुसरे चित्र पाहा. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या नावाची जी परदेशी पदविका परीक्षा आहे, तिच्या साहित्याच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अनोळखी उताऱ्याच्या विवेचनावाचून दुसरे काहीच नसते. सव्वा तास वेळ, एक उतारा, 20 गुण. वरच्या पातळीस दोन उतारे व सव्वादोन तास. मुंबई-पुण्याच्या ज्या शाळांतून ही परीक्षा चालते, तेथे वर्षाची फी लाखांनी मोजावी लागते. म्हणजे पैसेवाल्याच्या मुलास अर्थ लावण्याचा सराव, आणि शेतकऱ्या-मजुराच्या मुलास दुसऱ्याने लावून दिलेला अर्थ पाठ करण्याचा सराव! ही वाटणी कोणी मुद्दाम बसून केली असे आम्ही म्हणत नाही. पण वाटणी झाली आहे, आणि ती आमच्या ओळखीची आहे.

ओळखीची कशी ते सांगतो. आमच्या वाडवडिलांनी पोथी ऐकली, पण पोथी उघडली नाही. पोथीत काय आहे ते सांगणारा एक, ऐकून मान डोलावणारे शंभर, आणि सांगणाऱ्याने सांगितले तेच पोथीत आहे की नाही हे पाहण्याची सोय कोणासच नाही. असा हा व्यवहार शेकडो वर्षे चालला. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज काढला तो याच व्यवहाराविरुद्ध. निर्मिक व मनुष्य यांच्यामध्ये दलाल नको, हे त्या समाजाचे मुख्य तत्त्व. 'शेतकऱ्याचा असूड' या 1883 सालच्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, अक्षरशत्रू शेतकऱ्यास देवळातल्या पोथीने जेवढे लुबाडले, तेवढेच कचेरीतल्या कागदानेही लुबाडले. कागद त्याचा, अंगठा त्याचा, जमीन त्याची; पण कागदात काय लिहिले आहे ते मात्र दुसऱ्याने सांगावयाचे. हंटर कमिशनपुढे 1882 साली त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, तिच्या मुळाशी हेच दुःख होते. पुढे 1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. 1919 साली भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेचे रोप लावले. शाळेचे दार उघडले. अक्षर हाती आले. पण अर्थ?

अर्थाच्या दारापाशी आज नवा मध्यस्थ बसला आहे, त्याचे नाव गाईड. पाठाखालचे प्रश्न त्यात, उत्तरे त्यात, कवितेचे रसग्रहण त्यात, आणि आता तर "अपठित उताऱ्यांची तयार उत्तरे" हीसुद्धा त्यात! न वाचलेल्या उताऱ्याचे आधी पाठ केलेले उत्तर, याहून मोठा चमत्कार पुराणातही सापडणार नाही. कवितेवर लिहायचे तर कोणतीही कविता असो, "कवीने ओघवत्या भाषेत निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे" आणि "ही कविता मनाला भावते" ही दोन वाक्ये टाकावी. निसर्ग कवितेत नसला तरी उत्तरात असतो. हे लिहिणारी मुले मूर्ख नाहीत. असेच लिहिले म्हणजे गुण पडतात, हे त्यांस शिकवणाऱ्यांनीच शिकवले आहे.

येथे आमच्याच बांधवांस दोन शब्द कडू सांगणे प्राप्त आहे. हा नवा मध्यस्थ जातीने अमुकच असतो असे नव्हे. शिकवणीचे वर्ग आता आमचेही आहेत, संस्थाचालक आमचेही आहेत, आणि फळ्यावर तयार उत्तर लिहून "हे जसेच्या तसे उतरवा" म्हणणारे मास्तरही आमचे आहेत. भटजीची गादी रिकामी करून तिच्यावर आपण बसलो, तर सत्यशोधन झाले असे होत नाही. गादीचा मालक तेवढा बदलला.

कोणी म्हणेल, "स्वतः अर्थ लावणे हे ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विद्या आहे त्यांचे काम, आमच्या पोरांना ते कसे जमावे?" या समजुतीचे खंडन आम्ही करीत बसत नाही, केंब्रिज विद्यापीठातच ते होऊन गेले आहे. आय. ए. रिचर्ड्स या अध्यापकाने तेथल्या विद्यार्थ्यांना काही कविता कवीचे नाव व काळ झाकून दिल्या, आणि त्यांवर मोकळेपणी लिहावयास सांगितले. ते लेखी अभिप्राय तपासून त्याने 1929 साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ छापला. निष्कर्ष काय? इंग्रजी साहित्याची पदवी घेऊ पाहणाऱ्या, उत्तम शाळांतून आलेल्या त्या तरुणांपैकी पुष्कळांना कवितेचा साधा सरळ अर्थही लागला नाही. कोणी स्वतःच्याच आठवणीत वाहून गेला, कोणी ठराविक भावनेचे ठराविक उत्तर दिले, कोणी आपली धर्ममते कवितेवर लादली. नामांकित कवींच्या कविता कित्येकांनी टाकाऊ ठरवल्या आणि सामान्य पद्ये डोक्यावर घेतली. नाव झाकताच पांडित्य उघडे पडले! मातृभाषा इंग्रजी, घरी पुस्तके, विद्यापीठ जगप्रसिद्ध. तरी ही गत. तात्पर्य हे की, वाचन ही रक्तातून येणारी विद्या नव्हे. ती शिकवावी लागते, आणि शिकवली तर कोणासही येते.

आमच्याच घरचा दाखला हवा असेल तर तोही आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातील मुलगी मुक्ता साळवे हिचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वेद आमचेच, इतरांनी ते पाहू नयेत, असे ब्राह्मण म्हणतात. तर मग आम्हांस धर्मपुस्तकच नाही हे उघड झाले, असा तिने त्यात मुद्दा मांडला. पाहा, ही मुलगी काय करते. समोरच्याचे वाक्य घेते, त्यात भर घालीत नाही, त्यातून काढून टाकीत नाही, आणि त्या वाक्याच्या पोटात दडलेली गोष्ट बाहेर काढून सर्वांपुढे ठेवते. विवेचन म्हणजे दुसरे काय असते? 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून हेच केले. डॉ. आंबेडकरांनी 1946 सालच्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात पुरुषसूक्त शब्दाशब्दाने तपासले, आणि तो ग्रंथ जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला. ही आमची परंपरा आहे. परीक्षेच्या मांडवात अनोळखी उतारा पुढे घेऊन बसलेला खेड्यातला मुलगा या परंपरेचा वारस आहे. त्यास ते कोणी सांगितले नाही, एवढेच.

आता नुसत्या उपदेशाने काम भागत नाही. करून दाखवले पाहिजे. समजा, पुढील उतारा परीक्षेत आला. तो कोणा ग्रंथातला नव्हे, येथल्यापुरता आम्हीच लिहिला आहे :

"पाऊस लागला होता. वाड्याच्या पायरीखाली आप्पांनी चपला काढल्या. मालक म्हणाले, 'ये आत, पण उंबऱ्यापाशीच बस.' आप्पा बसले. मी त्यांच्या पाठीशी उभा राहिलो. काम झाले. निघताना आप्पांनी चपला उचलल्या. पाणी पिऊन त्या जड झाल्या होत्या. वाटेत ते काही बोलले नाहीत."

पहिला विद्यार्थी लिहितो : "आप्पा आपल्या मुलासह पावसात वाड्यावर गेले, उंबऱ्यापाशी बसले आणि काम करून परत आले." हा सारांश झाला. उताऱ्यात आहे तेच पुन्हा सांगितले. परीक्षकाने उतारा वाचलेला आहे, त्यास तो दुसऱ्यांदा नको. दुसरा लिहितो : "लेखकाने ओघवत्या भाषेत ग्रामीण जीवनाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे." हे गाईडचे वाक्य. ते या उताऱ्यास लागू, आणि जगातल्या हजार उताऱ्यांसही लागू. सबब ते कशासच लागू नाही.

तिसरा मुलगा पेन खाली ठेवतो आणि उतारा दोनदा वाचतो. त्यास प्रथम दिसते की मालक 'ये', 'बस' म्हणतात. पोराच्या देखत बापास एकेरी हाक. पण तो पोरगा स्वतः सांगताना "आप्पांनी", "ते बोलले नाहीत" असे म्हणतो. एकाच माणसाला एकाच उताऱ्यात एकाने मान द्यावा आणि दुसऱ्याने तो द्यायचे नाकारावे! अपमान हा शब्द कोठेही न लिहिता लेखकाने अपमान दाखवला. मग त्यास 'पण' आणि 'उंबऱ्यापाशीच' हे दोन शब्द दिसतात : 'ये आत' म्हणून जे दिले, ते 'पण' म्हणून परत घेतले, आणि शेवटच्या 'च'ने दार लावून टाकले. "काम झाले" हे दोन शब्दांचे वाक्य. काम कोणते, ते सांगितलेच नाही. कारण पोराच्या मनात काम राहिले नाही, बाप कोठे बसला ते राहिले. शेवटी चपला. आप्पांनी त्या 'घातल्या' नाहीत, 'उचलल्या'. भिजलेली चामड्याची चपल जड होते हे कोणत्याही शेतकऱ्याच्या पोरास ठाऊक आहे. पण तो जडपणा लगेच पुढच्या वाक्यातल्या मौनास जाऊन भिडतो, आणि जड काय झाले आहे ते आपणांस कळते. एवढे पाहिल्यावर तो मुलगा एक वाक्य ठरवतो : "या उताऱ्यात अपमान थेट सांगितलेला नाही, तो बोलण्याच्या रीतीत, बसण्याच्या जागेत आणि चपलांच्या ओझ्यात ठेवला आहे." झाले. हे वाक्य त्याचा दावा. पुढचे उत्तर म्हणजे या दाव्याचे तीन पुरावे.

ज्यांनी कचेरीची पायरी चढली आहे त्यांस ही रीत नवी नाही. दावा, पुरावा, युक्तिवाद. दावा आपला असावा, एका वाक्यात मावावा. पुरावा उताऱ्यातल्या नेमक्या शब्दांचा असावा. "लेखकाची भाषा प्रभावी आहे" हा पुरावा नव्हे, ती नुसती साक्षीदाराची स्तुती झाली. आणि युक्तिवाद म्हणजे तो शब्द काय काम करतो, त्या जागी दुसरा शब्द असता तर काय बिघडले असते, हे सांगणे. सव्वा तास असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटे वाचण्यात व खुणा करण्यात घालवावी; ती वाया जात नाहीत. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, सूर कोठे बदलतो, कोणता शब्द पुन्हा येतो, सुरुवात व शेवट यांत काय फरक पडला, आणि काय सांगायचे टाळले आहे, एवढे प्रश्न हाताशी असले म्हणजे बस्स आहे. अलंकारांची नावे घोकलेली असली तर ठीक. पण उपमा सापडली म्हणून तिचे नाव लिहून पुढे जाणे म्हणजे चोर सापडला म्हणून त्याचे नाव लिहून त्यास सोडून देणे. ती उपमा तेथे काय करते ते लिहा.

एक सावधगिरी मात्र हवी. तो उतारा वाचून कोणा मुलास स्वतःच्या बापाची आठवण येईल, डोळे भरून येतील, आणि तो उतारा सोडून आपलीच हकीकत लिहू लागेल. त्याचे दुःख खरे आहे, पण प्रश्न उताऱ्याचा आहे. रिचर्ड्सने दाखवलेल्या चुकांतली ही एक मोठी चूक. आपला अनुभव दिव्यासारखा वापरावा. दिव्याने कागद दिसावा, कागद जळू नये.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे, म्हणून टाळीत नाही. अनोळखी उतारा सर्वांस सारखा अनोळखी कोठे असतो? ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याला तो निम्मा ओळखीचा. ज्याच्या घरी पंचांगापलीकडे छापील कागद नाही त्याला पुरता परका. शिवाय उतारे बहुधा एकाच वर्गाच्या दिवाणखान्यातले आणि एकाच पेठेच्या भाषेतले. हे सर्व खरे. पण याचा उपाय प्रश्न काढून टाकणे हा नव्हे, तर उतारे शेतातले, गिरणीतले, पालावरचे, बाजारातलेही घालणे हा आहे. आणि परीक्षकांनीही ध्यानात ठेवावे : मुलाने अर्थ बरोबर पकडला, पण लिहिताना 'पाणी' ऐवजी 'पानी' झाले, तर शुद्धलेखनाचा गुण हवा तर कापा, अर्थाचा कापू नका. भाषेच्या सोवळ्यात बुद्धीला बाहेर उभे करण्याचा धंदा आता पुरे झाला.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. अपठित उताऱ्याचे गुण वाढवा, आणि त्यात शोधून लिहिण्याच्या प्रश्नांबरोबर विवेचनाचा प्रश्न घाला. प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक तास असा ठेवा, की ज्यात मास्तरांनी अर्थ सांगावयाचा नाही, मुलांनी सांगावयाचा, आणि मास्तरांनी फक्त एकच विचारावयाचे : "उताऱ्यात हे कोठे आहे, दाखव." वसतिगृहांतून रात्रीच्या वेळी वर्तमानपत्राचा एक तुकडा घेऊन हेच करता येईल, त्यास फी लागत नाही, गाईड लागत नाही, सरकारी ठराव लागत नाही.

शेवटी एवढेच सांगतो. परीक्षा मार्चात संपते, अनोळखी उतारे संपत नाहीत. उद्या याच मुलापुढे पीकविम्याचा अर्ज येईल, बँकेचा करार येईल, भूसंपादनाची नोटीस येईल. तीत लिहिलेले असेल, "कळविण्यात येते की, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही." कळवतो कोण? विचार करणार नाही तो कोण? वाक्यात माणूसच नाही! ज्याला 'ये आत' नंतरचा 'पण' दिसला, त्याला या वाक्यातला लपलेला माणूसही दिसेल, आणि तो मुदतीच्या आत हरकत घेऊन उभा राहील. ज्याने ओघवत्या भाषेची वाक्ये घोकली, तो बापासारखाच खाली बोट टेकवील. फरक एवढाच की बापाने अंगठा उठवला, हा सही करील. जोतीरावांनी शाळा काढल्या त्या सहीपुरत्या नव्हत्या.